मोकळीच आहेस ना

आमच्या इमारतीत कुणाचंही कुरिअर आलं की ते माझ्याकडे येतं. वॉचमनला सगळ्यांनी तसं सांगूनच ठेवलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांचा गॅस सिलिंडर, चौथ्यावरच्यांच्या प्लंबरसाठी ठेवलेली किल्ली, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, सगळं माझ्या दारात. मी हो किंवा नाही म्हणायच्या आत समोरच्याचं वाक्य पूर्ण झालेलं असतं. "तुम्ही काय, घरी मोकळ्याच असता ना."

त्यातला 'च' मला नोकरी सोडल्यावर ऐकू यायला लागला. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर गेली. पन्नाशी उलटल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी सहकारी म्हणाले, "सुटलात हो, मोकळ्या झालात!" त्यात 'च' नव्हता, आणि तो शब्द तेव्हा मला आवडला होता. लग्न मी केलं नाही. मुलुंडचं घर माझं स्वतःचं. कुणाचा डबा नाही, कुणाची परीक्षा नाही. आता दिवस माझा, असं मला खरंच वाटलं होतं.

मला याद्या करायची सवय आहे. फ्रिजवर लोहचुंबकाखाली रोजचा एक कागद असतो. झालेल्या कामावर रेघ मारली की मला बरं वाटतं. काही बायकांना चहा प्यायल्यावर वाटतं, तसं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी मी कागदावर एकच ओळ लिहिली. पोहायला शिकणे.

घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे नळ आणि पिंप. समुद्र मी घोट्याच्या वर कधी येऊ दिला नाही. पण कधी दुपारी ऑफिसच्या कामानं बाहेर पडले की बसमधून पालिकेच्या तरणतलावाची निळी भिंत दिसायची आणि आतून बायकांचा हसण्याचा आवाज यायचा. दुपारी, भर कामाच्या वेळी, पाण्यात उभ्या राहून कोण हसतं, हे मला एकदा आत जाऊन बघायचं होतं.

दुपारच्या बायकांच्या बॅचला माझं नाव लागलं. हसणाऱ्या दोन गुजराती बेन निघाल्या. त्या छातीभर पाण्यात उभ्या राहून उंधियूत काय घालावं यावर भांडायच्या आणि तासाभरात फार तर चार वेळा हात मारायच्या. आमची कोच तिशीतली, गळ्यात शिट्टी, आवाज भाजीवालीसारखा. ती मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायची.

"काकू, अंग मोकळं सोडा. पाणी काय खात नाय तुम्हाला."

"सोडलंय."

"काय सोडलंय! तुम्ही ऑफिसला आल्यासारख्या उभ्या राहता पाण्यात. मस्टरवर सही करायचीय का?"

बेन खदखदून हसल्या. मीही हसले. मला तरंगता येत नव्हतं. काठाची दांडी सोडली की मानेपासून टाचेपर्यंत मी लाकूड व्हायचे आणि लाकडाच्या उलट बुडायचे. पण तो एक तास माझा होता. त्या तासात मला कुणी फोन करू शकत नव्हतं. माझ्या साऱ्या आयुष्यात कुणाच्याही कामाचा नसलेला तो पहिला तास. मी तो शाळकरी पोरीसारखा जपत होते.

मग आईला झटका आला.

ती घाटकोपरला एकटी राहायची. वडील गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी तिला खूप विनवलं, पण तिला कुणाच्या घरात पाहुणी व्हायचं नव्हतं. सकाळी चहा गाळताना ती ओट्यापाशी कोसळली. शेजारणीनं मला फोन केला. धाकटीला नाही, मला. धाकटी बँकेत होती. मी मोकळी होते.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात धाकटी माझ्याजवळ आली. ती बोरिवलीला राहते. रडून तिचे डोळे सुजले होते.

"ताई, तिला आता एकटीला नाही ठेवता येणार."

"माहितीय."

"मी नेली असती गं. शप्पथ नेली असती. पण माझी बँक, पोराची बारावी, जागा बघितलीयस ना? पलंग कुठे टाकू सांग. आणि तू..." ती थांबली. मला वाटलं, या वेळी तरी ती दुसरा शब्द शोधेल. "तू मोकळीच आहेस ना."

मी हो म्हटलं नाही. पर्समधून कागद काढला आणि लिहायला लागले. डोक्याकडून वर होणारा पलंग, हवेची गादी, डायपर, फिजिओथेरपिस्ट. माझं हो असं असतं. धाकटीला ते कळलं आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

आईचा उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि त्यांच्याबरोबर बोलणंही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं पुष्कळ, पण शब्द सापडत नाहीत. कधीतरी एखादा शब्द सापडतो आणि मग तोच येत राहतो." जिच्या बोलण्याला सगळी चाळ वचकून असायची, ती आमची आई तोंड उघडून आ करायची आणि मिटायची.

मी सगळं नीट लावलं. मला ते येतं. दिवसा नर्सिंग ब्युरोच्या मावशी येऊ लागल्या. स्वच्छ, शांत बाई. दर दोन तासांनी कूस, लापशी, औषधं, पाठीला पावडर. आईचे केस अजून लांब आणि दाट होते, ती त्यांचा तोरा मिरवायची. मावशी म्हणाल्या, "ताई, कापून टाकू या. आजारी माणसाचं सोपं पडतं." मी नाही म्हटलं. रोज सकाळी मी स्वतः तेल लावून तिची वेणी घालायचे. घट्ट, शेवटपर्यंत, वर रबर. दिवसभर एक केस इकडचा तिकडे होत नसे. त्या वेणीचा मला अभिमान होता, हे सांगितलं पाहिजे. घरात एवढी एकच गोष्ट पूर्वीसारखी दिसत होती.

दुपारी मावशी असायच्या, म्हणून माझी बॅच चालू राहिली. धावत जायचे, धावत यायचे. मग एक दिवस मावशी पदर बोटाला गुंडाळत दारात उभ्या राहिल्या. "ताई, माझी आई पडलीय गावाला. भाऊ म्हणतो, तू ये." त्या गेल्या. ब्युरोनं दुसरी बाई पाठवली, ती कानाला फोन लावून आईला भरवायची. तिसरी दोन दिवस आली आणि पलंग बघून म्हणाली, पेशंट जड आहे. चौथी आलीच नाही.

खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. त्यांची किल्ली वर्षभर माझ्या खुंटीला लटकलेली. मी त्यांना विचारलं, दुपारी तासभर आईजवळ बसाल का?

"अगं बाई, मला नाही हं जमायचं. मला असलं बघवत नाही. माझा जीव घाबरा होतो." आणि जाता जाता, "बरं, उद्या एसीवाला येणाराय. किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

तरणतलावावरून कोचचा फोन आला. "काकू, सलग गैरहजर राहिलात तर नाव कापतात हं. वेटिंग लय मोठं आहे. परत नाव लावायचं तर वर्ष जाईल. या ना एखाद दिवस तरी." मी म्हटलं, येते. कुणाच्या जिवावर म्हटलं ते माहीत नाही.

त्याच आठवड्यात आईला शब्द सापडला.

मी तिच्या उशाशी औषधं लावत होते. मागून आवाज आला, जाड, ओला, पण स्पष्ट. "मोकळी."

माझ्या हातातली डबी पडली. मी धावत तिच्यासमोर गेले. मला वाटलं, ती विचारतेय, मोकळी आहेस का? "आहे गं आई, आहे. बोल." तिनं मान हलवली, नाही नाही अशी. "मोकळी," ती परत म्हणाली, आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं.

मग तो शब्द दिवसभर येऊ लागला. भरवताना, कूस बदलताना, मी दारातून आत आले की. दर वेळी तीच विनवणी. त्याचा अर्थ माझ्या डोक्यात बसायला दोन दिवस पुरले. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की लोक काय म्हणतात? सुटली बिचारी. मोकळी झाली. आई मला म्हणत होती, मला मोकळी कर.

दुसऱ्या कुणाला हा अर्थ सुचला असता की नाही, माहीत नाही. मला दुसरा सुचला नाही.

डॉक्टर घरी आले तेव्हा मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. विचारलं, असं अजून किती चालतं? ते हसले. त्यांना वाटलं, मी काळजीनं विचारतेय. "घाबरू नका, हृदय उत्तम आहे त्यांचं. नीट सांभाळलंत तर वर्षानुवर्षं राहतात अशी माणसं. आणि तुम्ही तर फारच छान सांभाळताय." मी त्यांचे आभार मानले. ते खाली उतरेपर्यंत मी कठडा धरून उभी होते.

माझ्या याद्याही बंद पडल्या. कूस बदलणे या ओळीवर रेघ मारून करायचं काय? दोन तासांनी परत तीच ओळ. डायपर, परत डायपर. ज्याचा शेवट नाही अशा कामाची यादी करता येत नाही, हे मला या वयात कळलं. शेवट एकच होता आणि तो कागदावर लिहिण्यासारखा नव्हता.

एका दुपारी तिनं तो शब्द सोडलाच नाही. मोकळी, मोकळी, मोकळी. डावा हात गादीवर आपटत. मी पहाटेपासून उभी होते, पोटात काही नव्हतं. मी ओरडले. "मी काय बांधून ठेवलंय का तुला? सांग ना! मी बांधून ठेवलंय?"

ती गप्प झाली. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

अगदी जोरजोरात. हो, हो.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी जेवण भरवल्यावर तिला झोप लागली. श्वास संथ चालू होता. मी कपाटातून पोहायची बॅग काढली. चपला घातल्या. दार बाहेरून ओढलं, कुलूप लावलं, जिने उतरले. मनात हिशोब चालू होता. जायला इतका वेळ, यायला इतका, तासभर नाही तर अर्धाच तास, ती दुपारची झोपते बऱ्याचदा. वॉचमननं विचारलं, "मॅडम, स्विमिंग?" मी मान हलवली. रिक्षा मिळाली. मी बसले. वारा लागला. किती तरी दिवसांनी तोंडाला वारा लागला होता.

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मला दिसलं की किल्ली मी मुठीत धरली आहे आणि तिचे दात तळव्यात रुतले आहेत.

"भैया, वापस लो."

"अरे मॅडम, अभी तो बैठे!"

"वापस लो."

तो पुटपुटत वळला. मी जिने चढले, कुलूप उघडलं. आई जागी होती. तिची मान दाराकडे वळलेली होती. किती वेळ ती तशी बघत होती, मला माहीत नाही.

"मोकळी," ती म्हणाली.

मी बॅग खाली ठेवली आणि धाकटीला फोन लावला. ती बँकेत होती, मागे टोकनचा आवाज येत होता.

"शनिवारी ये," मी म्हटलं. "कसंही करून ये."

"ताई, शनिवारी याचा क्लास..."

"आई मरण मागतेय. रोज मागतेय, माझ्याकडे. मी एकटी नाही ऐकू शकत आता. तू येऊन ऐक."

टोकनचा आवाज लांब गेला, ती उठून बाजूला गेली असावी. मग म्हणाली, "येते."

शनिवारी ती आली, हातात ढोकळ्याचं खोकं. बँकेचा सुट्टीचा शनिवार होता. तिनं पर्स टेकवली, हात धुतले आणि आईच्या पलंगावर चढूनच बसली, लहानपणी बसायची तशी. मी दारात उभी राहिले. मला बघायचं होतं, आई तिलाही म्हणते का.

"आई, मी आलेय गं. ढोकळा आणलाय. तुला नाही देणार, ताई ओरडेल."

आईच्या ओठाची डावी बाजू हलली. आणि मग, "मोकळी."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. पण ती माझ्यासारखी नाही. ती सरळ विचारते. "काय मोकळी, आई? कोण मोकळी? दाखव मला."

दाखव, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी इतके दिवस फक्त ऐकत होते.

आईनं डावा हात उचलला. तो थरथरत वर गेला, उशीवरून सरकत मानेपाशी. तिथे पोचला नाही. परत पडला. परत उचलला.

धाकटीनं हळूच आईचं डोकं कुशीला वळवलं आणि मानेखाली हात घातला. "अगं, हे काय आहे? ताई, इकडे ये!"

वेणी होती. कुठल्याही कुशीवर झोपवली तरी वेणीचा पीळ आईच्या मानेखाली, कानामागे दाबला जात होता. त्या पिळानं तिथे कातडीत लालभडक खळगी पडली होती. मी रोज तिची पाठ बघायचे, टाचा बघायचे, माकडहाड बघायचे. केसांखाली बघितलं नव्हतं. केस तर मी नीटच बांधले होते.

धाकटीनं रबर काढलं. पेड सोडवले. बोटांनी सगळे केस उशीवर पसरले. आईनं डोळे मिटले आणि एक एवढा मोठा श्वास सोडला, की पलंगाची गादी हलल्यासारखी वाटली.

"वेणी," धाकटी म्हणाली. "वेणी मोकळी कर म्हणत होती ती. ताई, वेणी आहे की दोरखंड?" ती हसायला लागली, रडत रडत. "शाळेत माझ्या पण अश्शाच घालायचीस. भुवया वर चढायच्या माझ्या. दिवसभर काहीतरी नवल बघितल्यासारखी दिसायचे मी."

मी हसले नाही. मी तिथे उभी राहून व्याकरण करत होते. केस म्हणायचे असते तर मोकळे म्हणाली असती. वेणी, म्हणून मोकळी. आईचं बरोबर होतं. आणि मला ते सुचलं नाही त्याला कारणही तीच होती. आमच्या घरात मोकळे केस म्हणजे अभद्र. कुणाच्या सुतकात आहेस का, बांध ते आधी. तिन्हीसांजेला केस सोडून दिव्यासमोर येऊ नकोस. हे ऐकत आम्ही दोघी वाढलो. ती बाई स्वतःचे केस सोड म्हणेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मी बांधून ठेवलंय का, विचारलं तेव्हा तिनं खरंखुरं उत्तर दिलं होतं.

"म्हणजे तिला मरायचं नाहीये," मी म्हटलं.

"नाहीये गं! वेणी टोचत होती फक्त." धाकटी डोळे पुसत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. "ताई? काय झालं?"

काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. मला हायसं वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही. पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटलं. म्हणजे इतके दिवस मी त्या शब्दाला धरून उभी होते. तो ऐकून रडत होते, आणि त्यालाच धरूनही होते. तिलाही नकोय, मलाही नकोय, म्हणजे कधीतरी संपेल. आता तो आधार गेला. तिला जगायचं होतं, फक्त जरा सैल. तिचं हृदय उत्तम होतं. मी फारच छान सांभाळत होते.

धाकटीनं माझी बॅग बघितली. ती अजून दाराशीच होती, मी ठेवली होती तिथे. "आज बॅच असते?"

"असते."

"मग जा. जा ना! मी आहे पाचपर्यंत. नुसती उभी राहू नकोस माझ्यासमोर."

मी जाताना तिला सांगत होते. पाण्यात घट्ट करायची पावडर घाल, नाहीतर ठसका लागतो. डावीकडून भरव. उताणी करून पाजू नकोस. तिनं मला खांद्याला धरून दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

तर मला माझा तास मिळाला. पाणी तसंच होतं, निळं, क्लोरीनच्या वासाचं. बेन म्हणाल्या, "अरे, आवी गया!" कोचनं शिट्टी वाजवली. मी दांडी धरून उभी राहिले.

"चला काकू, पाठीवर. मी आहे खाली."

मी पाठीवर झाले. कान पाण्यात गेले आणि जगाचा आवाज बंद झाला. तिचा तळवा माझ्या मानेखाली होता, बरोबर तिथे, कानामागे. "मान सोडा. मान सोडली की बाकीचं आपोआप सुटतं," ती वरून म्हणत होती, मला ओठ दिसत होते. मी प्रयत्न केला. खरंच केला. मला वाटत होतं, धाकटीनं पावडर कुठली घातली असेल? ठसका लागला तर पाठीत कुठे थोपटायचं तिला माहीत आहे का? तिचा फोन येईल आणि माझा लॉकरमध्ये वाजेल. मान दगडासारखी झाली. मी बुडाले, पाणी प्यायले, परत दांडी.

"आज काय झालंय काकू? आधीपेक्षा पण टाइट झालात."

"नाही सोडता येत."

तिनं पुढे चेष्टा केली नाही. मला दांडीपाशीच सोडलं. उरलेला तास मी ती दांडी धरून काढला. ज्याच्यासाठी मी आईला कुलुपात ठेवायला निघाले होते, तो तास. बाहेर येताना ती म्हणाली, "या महिन्यापुरतं नाव ठेवते मी तुमचं. शनिवारी तरी येत जा. पुढच्या महिन्यात माझ्या हातात नाय."

घरी आले तर धाकटी चपला घालून तयार होती. आईनं नीट खाल्लं, ठसका लागला नाही, झोपली, उठली. सगळं व्यवस्थित. धाकटी म्हणाली, "पुढच्या शनिवारी बँक चालू आहे. त्याच्या पुढच्या बघते. जमलं तर येतेच."

"बघ," मी म्हटलं. "मोकळी असलीस तर."

ते तिला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "लागट बोलतेस तू, ताई," एवढंच म्हणाली आणि जिना उतरली. मी गॅलरीत जाऊन तिला हाक मारणार होते. तेवढ्यात ती रिक्षात बसली.

तिन्हीसांज झाली होती. मी दिवा लावला. माझे केस ओले होते, म्हणून सोडलेले. आईचे उशीवर पसरलेले. त्या घरात तेव्हा आम्ही दोघी केस मोकळे सोडून दिव्याच्या उजेडात होतो. ती पूर्वीची असती तर दोघींनाही तिनं झोडपलं असतं.

मी तिची कूस बदलायला वाकले तेव्हा माझे केस तिच्या तोंडावर आले. तिनं डाव्या हातानं ते पकडले. मला वाटलं, बाजूला करतेय. पण ती ते गोळा करत होती. मूठ भरून घ्यायची, ते निसटायचे, परत घ्यायची. बोटांनी पेड पाडायला बघत होती. माझे केस ती बांधत होती. वेणी घालायला दोन हात लागतात आणि तिच्याकडे एक होता.

मी तशीच वाकून राहिले. कमरेत कळ आली तेव्हा पलंगाच्या कडेला टेकले आणि माझा एक हात मागे नेला. एक पेड मी धरला. तिनं दुसरा त्यावरून आणला, तिसरा सुटला, परत धरला. वेणी कसली, गुंताच झाला. तिला तो पसंत नव्हता. ती परत सोडवायची, परत घ्यायची.

"झालं गं आई," मी म्हटलं. "सोड आता. कुकर लावायचाय."

तिनं सोडलं नाही.